शेवटच्या दिवशी खोली रिकामी करायला न लावणारं बोर्डीचं घर

चिकू काल रात्री मऊ झाले. बोर्डीहून निघताना घरमालक ताईंनी बजावलं होतं, तांदळाच्या डब्यात ठेवा आणि चौथ्या दिवसाआधी हात लावू नका. बरोबर चौथ्या दिवशी झाले. सकाळी नातवानं दोन खाल्ले, काळ्याभोर बिया ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि विचारलं, "आजी, परत कधी जायचं?" मनात होतंच, आज लिहून टाकते. नाशिकमधून कोणी सुट्टीत समुद्रावर जायचं ठरवत असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल.

आपल्याकडे समुद्र म्हटलं की अलिबाग, दापोली, गणपतीपुळे एवढंच आठवतं. रात्रभर गाडी हाकायची, पोचल्यावर अर्धा दिवस झोपेत घालवायचा. डहाणूजवळच्या बोर्डीचं नाव चटकन कोणी घेत नाही. खरं तर त्र्यंबक रस्त्याला लागलं की त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी नाका, डहाणू आणि तिथून किनाऱ्यालगत वर बोर्डी. आम्ही सातपूरहून सकाळी सहाला निघालो, जव्हारला चहा-वडा झाला, साडेदहाला वाडीत होतो. रस्ता घाटाचा आहे, कुणाला गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा. बोर्डीच्या पुढे झाई गाव, आणि झाई संपलं की गुजरात.

आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. मे महिना संपता संपता तीन रात्री राहिलो. घर चिकूच्या वाडीत आहे. जुनं कौलारू, पुढे ओसरी, मागे पडवी. पाहुण्यांसाठी दोनच खोल्या, बाकी घरात घरमालक ताई आणि काका स्वतः राहतात. माणशी दिवसाला १,४०० रुपये, त्यात दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता आणि मागाल तेव्हा चहा. नातवाचे अर्धे घेतले. मासे ज्या दिवशी जसे मिळतील तसे. पापलेट हवंच असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते आधी सांगतात. खोल्या साध्या आहेत. कॉट, पंखा, भिंतीत कोनाडे. गादी जरा कडक, पण माझ्या कंबरेला तीच बरी वाटली.

मला खरं लिहायचंय ते शेवटच्या दिवसाबद्दल.

काही वर्षांपूर्वी आम्ही कोकणात दुसऱ्या एका गावी उतरलो होतो, नाव लिहीत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊला दार वाजलं, खोली रिकामी करा. नातू तेव्हा दोन वर्षांचा, अंगात कणकण. सुनेनं त्याला घाईघाईनं दूध पाजलं. ओले टॉवेल, वाळूनं भरलेल्या चपला, अर्धवट वाळलेले परकर, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबलं. आमची गाडी दुपारी तीनची. तोवर आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर सामान राखत बसलो, समुद्र दहा मिनिटांवर असून. त्या सहलीतलं बाकी काही मला आठवत नाही, तो बाक तेवढा आठवतो. तेव्हापासून जागा ठरवताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत राहू द्याल?

इथल्या ताईंनी फोनवरच सांगितलं होतं, "जेवून, पोरांना आंघोळी घालून, चहा पिऊन निघा. रात्री घाट नको." मला वाटलं, बोलायला सगळेच गोड बोलतात. पण अगदी तसंच झालं.

निघायच्या दिवशी तृतीया होती. काकांनी आदल्या रात्रीच आमच्या ह्यांना हिशेब शिकवला होता. पौर्णिमा किंवा अमावस्येपासून जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. तृतीया म्हणजे तीन, तिनाची पाऊणपट सव्वादोन. तेव्हा दुपारी सव्वादोन-अडीचच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठ-साडेआठला पूर्ण ओहोटी. घड्याळाच्या काट्यावर नाही, थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर कधी जायचं हे ठरवायला एवढं पुरतं. ह्यांनी घरी आल्याबरोबर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या कडेला हा हिशेब पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघं आणि नातू निघालो. वाडीतून किनारा पंधरा मिनिटं. सुरूच्या झाडांची रांग ओलांडली आणि समोर समुद्र नाहीच! नुसती काळसर ओली वाळू, लांबवर चकाकणारी. खंभातच्या आखाताकडे जसजसं वर जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो आणि बोर्डीचा किनारा अगदी सपाट, त्यामुळे पाणी इतकं आत जातं की चालत गाठायला वेळ लागतो. पौर्णिमेनंतरचे दिवस, म्हणजे उधाणाचे, तेव्हा तर विचारूच नका. घोडागाड्या नाहीत, आदल्या आठवड्यातली गर्दी नाही, भेळवाल्याचा एकच गाडा ताडपत्रीखाली बांधून ठेवलेला.

नातू मध्येच उकिडवा बसला आणि उठेना. वाळूवर साबुदाण्याएवढ्या वाळूच्याच गोळ्या पसरलेल्या होत्या, एका बारीक भोकाभोवती, सूर्याचे किरण काढावेत तशा ओळींनी. मी म्हटलं, हलू नकोस, सावलीसुद्धा पडू देऊ नकोस. दोन-तीन मिनिटांनी भोकातून करंगळीच्या नखाएवढा खेकडा आला. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडात घालायचा, तिच्यातलं खाण्याजोगं घ्यायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायचा. पुन्हा दोन पावलं, पुन्हा गोळी. नातवानं श्वास धरून बघितलं. मग हळूच म्हणाला, "आजी, हा ताट पुसून खातो." मी ३१ वर्षं पंचवटीच्या बाजूला अंगणवाडी चालवली. पोराला अशी वीस मिनिटं कोणी हाक न मारता मिळाली, की ते आपणहून शिकतं, हे मी रोज पाहिलंय. त्या सकाळी आम्हाला कुठेही पोचायचं नव्हतं, म्हणून त्याला ती मिळाली. साडेनऊची खोली डोक्यावर असती, तर मीच त्याला चार वेळा ओढलं असतं.

बोर्डी निवडण्याचं माझं कारणही हेच, अंगणवाडी. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात हे नाव कानावर पडलं होतं. ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ इथे १९४५ मध्ये आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. झाडाखाली, तिथल्याच गारगोट्या, पानं, शंख-शिंपले घेऊन. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ला आली, तिच्या कितीतरी आधी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन कोसबाडला जाऊन आले होते. टेकडीवर पाय ठेवला तेव्हा गळा दाटून आला. ज्या कामानं माझं आयुष्य गेलं त्याचं बी इथलं, एवढंच मनात होतं. ह्यांनी काही विचारलं नाही, बाटलीतलं पाणी पुढे केलं.

शेवटच्या दिवशी किनाऱ्यावरून परत येईपर्यंत नऊ वाजले होते. वाडीत पोचलो तर घराच्या छपरावर दोन माणसं. शाकारणी चालली होती. पावसाच्या आधी कौलं चाळून घ्यायची, फुटलेली बदलायची. एक जण वरून कौल खाली देत होता, काका ते बोटाच्या पेरानं वाजवून बघत होते. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर बाजूला. पश्चिमेच्या पडवीला झडप लावायला विणलेल्या झावळ्यांची झापं आणून ठेवलेली, जळण पडवीत रचलेलं. आम्ही त्या हंगामातले शेवटचे पाहुणे. मला अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, ताई, तुमची कामं खोळंबली असतील, आम्ही सामान ओसरीवर आणून ठेवतो. त्या म्हणाल्या, "राहू दे हो खोलीतच. तुमच्या खोलीवरची कौलं उद्या. पोरगं दुपारी झोपेल ना?"

मग मी सरळ विचारलंच की हंगाम संपला म्हणून एवढी मोकळीक आहे का. दिवाळीत, नाताळात काय करता? त्यांनी लपवलं नाही. गर्दीत खोली दुपारी बाराला द्यावीच लागते, पुढचे पाहुणे येतात. पण तेव्हाही मागची न्हाणी आणि ओसरी निघेपर्यंत आपलीच, आणि दुपारचं जेवण धरूनच पैसे घेतलेले असतात. कोणाला ओल्या कपड्यानं गाडीत बसवत नाही, हे त्यांचे शब्द. हा फरक समजून जा. पूर्ण निवांत शेवटचा दिवस हवा असेल तर मेचा शेवटचा आठवडा.

नाश्त्याला ताडगोळे होते. आपल्याकडे ते गाडीवर सोललेले, बर्फावर ठेवलेले मिळतात. इथे काकांनी झाडावरून घड उतरवून घेतलेला, आख्खं फळ समोर ठेवून कोयत्यानं वरचा भाग उडवला. आत तीन खळगे, प्रत्येकात एक गोळा, काचेसारखा. अंगठा कडेनं आत सारायचा आणि सबंध गोळा उचलायचा, दाबायचा नाही. सून पहिल्यांदा चुकली, पाणी सगळं साडीवर. दुसरा तिनं तोंडाजवळ नेऊनच काढला. गार, किंचित गोड, वरचं साल तुरट. नातवानं साल सोलून घेतलं, आमचे हे सालासकट खातात, पोटाला थंड म्हणून.

त्यानंतर मुलगा आणि मी झाईला जाऊन आलो. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढायचं काम चाललं होतं. जाळी झटकून, गुंडाळून घरात. बायका आगोटीचं सुकं विकायला बसल्या होत्या. पावसाळ्यासाठी जे भरून ठेवायचं त्याला तिकडे आगोट म्हणतात. मी सुके बोंबील आणि जवळा घेतला. नाशिकला आठवडी बाजारात आपण घेतोच, पण तिथल्या मावशीनं बोंबील हातात देऊन दाखवला. वाकवला तर वाकू नये, कटकन मोडावा, रंग पांढरट, पिवळा पडलेला नाही, बोटाला चिकट लागत नाही. घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवून पत्र्याच्या डब्यात भरा, असंही सांगितलं. काल भाकरीबरोबर केले. कांदा, लसूण, आपला काळा मसाला. शेजारच्या वहिनी वासावरच आल्या.

दुपारचं जेवण हे ह्या घराचं खरं बळ. ताज्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, भात, कैरी घातलेली डाळ. हे माळकरी आहेत, त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात वांग्या-बटाट्याचं, आणि ते सातही जेवणांत वेगळ्या चवीचं. ताईंनी पहिल्या दिवशी एकदा विचारलं, नंतर एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही. वाढायला त्या स्वतः. भाकरी तव्यावरून थेट ताटात. तिखट आपल्यापेक्षा कमी असतं. नाशिकच्या मिसळीची सवय असलेल्यांनी सांगून मिरची वाढवून घ्यावी.

मग सगळे झोपले. खरोखर झोपले. गाडीत बसायच्या दिवशी दुपारी पाय पसरून झोपायला मिळालं, असं मला तरी आयुष्यात पहिल्यांदा घडलं. सुनेची शाळा पंधरा जूनला उघडते, वर्षभर ती पहाटे पाचला उठून डबे करते. ती जी झोपली ती दीडला काकांनी ओसरीवरून हाक मारली तेव्हाच उठली, "पाणी वर आलं हो!"

सकाळी जिथे आम्ही खेकडा बघितला तिथे आता कमरेएवढं पाणी होतं. लाटा सुरूंच्या जवळ येऊन फुटत होत्या. मेच्या शेवटी समुद्र बदलतो, लाट जड येते, पाणी गढूळ. काकांनी बरोबर येऊन जागा दाखवली आणि निक्षून सांगितलं, पाणी चढत असेल तोवर गुडघ्यापर्यंत, उतरायला लागलं की बाहेर. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, आणि सपाट किनाऱ्यावर पोहणाऱ्याला ते कळतही नाही. आम्ही पाऊण तास होतो. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, ह्यांनी नातवाचा हात एकदाही सोडला नाही. अडीचला काका म्हणाले, बस, आणि आम्ही निघालो.

आणि मग ती न्हाणी. चुलीवर तापवलेलं दोन हंडे पाणी, दगडी फरशी, डोक्यावरून तांब्यानं घ्यायचं. नातवाच्या कानामागची, बोटांमधली वाळू निघाली. कोरडे कपडे, वेणी-फणी, वर आलं घालून चहा. ओले कपडे ताईंनी वाडीतल्या दोरीवर घालून अर्धे वाळवून दिले आणि बाकीचे बादलीत, पिशवीत नाही. बादली परत कधी द्यायची विचारलं तर म्हणाल्या, जुनी आहे, घेऊन जा. ती आत्ता आमच्या गॅलरीत आहे.

चारला निघालो. चारोटी नाक्यापर्यंत ऊन, जव्हारला सूर्य खाली आलेला, मोखाड्याचा घाट उजेडातच पार झाला. त्र्यंबकला दिवे लागले होते, पावणेनऊला घरी. कोणी दमलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुट्टीची थकावट म्हणून दिवसभर लोळणं असलं काही केलं नाही.

आता उण्या गोष्टी. एका संध्याकाळी दोन तास वीज नव्हती. इन्व्हर्टर फक्त ओसरीच्या दिव्यापुरता, पंखे बंद. चिकूच्या वाडीत डास असतातच, मच्छरदाणी मागितल्यावर मिळाली, ती आधीच लावलेली हवी. मागच्या खोलीच्या न्हाणीची कडी नीट बसत नाही, आत बादली लावून ठेवावी लागली. हे मी ताईंना तोंडावर सांगितलं, त्यांनी पावसाळ्यात सुतार बोलावते म्हटलंय. विहिरीचं पाणी मचूळ आहे. साबणाला फेस कमी, पिण्याचं पाणी मात्र वेगळं आणतात, ते चांगलं. वाडीत मोबाइलला रेंज येते-जाते, पैसे पाठवताना सून फोन उंच धरून फाटकापर्यंत गेली. रोख रक्कम जवळ ठेवा. वर चढायला दोन पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखी असलेल्यांना ताईंनी पाट लावून दिला तरी हात धरावा लागतो.

चिकूबद्दल थोडं. घोलवड-बोर्डीचा चिकू कालीपत्ती जातीचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. झाडावर पिकायची वाट बघत नाहीत, तयार झाला की लांब काठीच्या जाळीत तोडतात आणि घरी पिकवतात. म्हणून विकत घेताना कडकच घ्या, मऊ घेतलात तर जव्हारच्या पुढे लगदा होईल. वरची भुकटी हातानं चोळून धुऊन टाकायची. ताईंनी निघताना तीन किलो दिले, पैसे घेतले एक किलोचे. बाकीचे नातवाला. वाळवलेल्या फोडींची पाकिटंही विकतात, ती मात्र मला फार गोड लागली.

घर जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद होतं आणि गणपतीनंतर उघडतं. दोनच खोल्या असल्यामुळे दिवाळीचं आत्ताच विचारावं लागेल. मी पुढच्या खोलीपेक्षा मागची घ्या असं सांगेन, कडीचं काम झालेलं असेल तर. पहाटे खिडकीतून चिकूच्या झाडांमधून वारा येतो आणि ओहोटी असली तरी समुद्र ऐकू येतो. आम्ही पुढच्या मेची २८ तारीख सांगून ठेवलीय. ताईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, माळकरी एकच ना?